तिसरी काठी

स्टोकहॅम, १० मार्च १५८६

ताई,

मेजं अकरा, त्यांतली तीन दोन्ही बाजूंनी ओढून लांब होणारी. पलंग दोन, एक साधा आणि एक चार खांबांचा, वर लाकडी छत असलेला. स्टुलं ब्याऐंशी, एकही डुगडुगत नाही. पाळणे सतरा. चर्चमधली डाव्या हाताची सगळी बाकं आणि उजव्या हाताची पहिली चार. पाद्रीबाबा ज्यावर उभे राहून दर रविवारी आम्हाला झोडपतात तो मंच, पायऱ्या धरून. नगरसभेच्या खोलीचं दार. शवपेट्या मी मोजत नाही. कपड्यांच्या पेट्या एकतीस, आणि त्या एकतिसांतली पहिली तुझी.

हे सगळं या दोन हातांनी केलं. कुठेही लोखंडी खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून लाकडाचीच खुंटी ठोकलेली. यादी कोर्टाच्या कारकुनाने मागितली म्हणून केली, तिची ही नक्कल. तू बरी आहेस असं धरून चालतो.

रेफ कोल्बी तुला आठवायचा नाही, तू नॉरिचला गेलीस तेव्हा तो शेंबडा पोर होता. आज तो इथल्या सुतारमंडळाचा मुख्य आहे. त्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे की गिल्बर्ट थर्कलने कुठल्याही उस्तादाकडे सात वर्षं उमेदवारी केलेली नाही, तेव्हा त्याला सुतारकामाचा अधिकार नाही. उमेदवारी केली नाही हे खरंच आहे. आपले बाबा छपरं शाकारायचे. मला शिकवलं ते जमीनदाराच्या हवेलीतून बाहेर फेकलेल्या एका मोडक्या पलंगाने. मी तो आठ दिवस उकलला आणि पुढचे वीस दिवस जोडला, आणि त्यात माझ्या पाठीवर कोणाची छडी पडली नाही. कोल्बीला खुपतं ते हेच.

आता कायदा नीट समजून घे. उमेदवारीचा कायदा झाला त्रेसष्टच्या एप्रिलात. त्याच्या आधीपासून जो हे काम करत होता त्याला ती अट नाही. आणि तुझी पेटी मी त्याच्या आधीच्या हिवाळ्यात केली. बाबांच्या गोठ्यात बसून, जानेवारी-फेब्रुवारीत, बोटं अशी गारठायची की पटाशी सुटून पायावर पडायची. साल बदलायला, म्हणजे मेरीमातेच्या सणाला, महिना-दीड महिना होता. लोक एक जानेवारीला भेटी वाटतात आणि नवं वर्ष म्हणतात ते सोड, कागदावर साल पंचवीस मार्चलाच बदलतं आणि कोर्ट कागद बघतं. म्हणजे पेटी बासष्टची. समोरच्या फळीवर द्राक्षाची वेल आहे, तिच्या मधोमध रोमन आकड्यांत साल कोरलेलं आहे, शेवटी दोन काठ्या, म्हणजे दोनचा आकडा. माझ्याकडे एवढा एकच पुरावा आहे.

पेटी हॉब गाडीवानाबरोबर पाठवून दे. सुनावणी ईस्टरनंतरच्या आठवड्यात, पंचवीस एप्रिलला आहे. हरलो तर दुकानाला टाळं, आणि माझ्या नावाने मला एक स्टूलसुद्धा विकता येणार नाही.

तुझा भाऊ,
गिल्बर्ट

*

नॉरिच, २९ मार्च १५८७

गिल,

वर सत्त्याऐंशी लिहिलंय ते मास्तरांनी. म्हणतात, चार दिवसांपूर्वी साल बदललं बाई, तुमच्या भावाला आवडेल. हे मास्तर आमच्या माडीवर राहतात, शाळा सुटली पण छडी सुटली नाही. मी बोलते, ते लिहितात, आणि लिहिता लिहिता माझं बोलणं सुधारतात. मी त्यांना सांगितलंय की सुधारू नका, माझा भाऊ मला ओळखणार नाही.

तुझं पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. यादी ऐकून वॉल्टर म्हणाला, "मेव्हण्याने जग केलं, फक्त सूर्य-चंद्र राहिले." चिडू नकोस. तो आता आमच्या चर्चचा पंच झालाय, त्यामुळे सगळ्यांनाच बोलतो.

पेटीचं म्हणशील तर ती जड आहे. तिच्यात आमच्या लेकीच्या, सिसिलीच्या, लग्नाच्या चादरी घडी घालून ठेवल्यात, वर तिची नवी शाल. गाडीत घालायची म्हणजे ओल लागणार. रस्ते कसे आहेत तुला ठाऊक आहे. त्यापेक्षा असं कर. मीच येते. बायबलवर हात ठेवून सांगते की माझ्या भावाने माझ्यादेखत त्या हिवाळ्यात पेटी केली, मी त्याला गोठ्यात गरम बिअर नेऊन द्यायचे, आणि एकदा पटाशी पडून अंगठा फुटला तेव्हा तो देवाला काय काय बोलला तेही सांगते. हे सगळं खरं आहे, आणि खरं बोलायला मला भीती नाही.

अ‍ॅनिस भावजयीला सांग, उपासाचे हेरिंग मासे खाऊन खाऊन इथे आम्ही पोहायला लागलोय. एकदाचा उपास संपू दे.

टॉमसिन

*

स्टोकहॅम, ४ एप्रिल १५८७

ताई,

चादरी पेटीतून काढायच्या आणि पलंगावर टाकायच्या. एवढंच करायचंय. मी तुझ्याकडे पेटी मागितली, तू मला चादरी सांगतेस.

तू यायचं नाहीस. आरोपीच्या सख्ख्या बहिणीची शपथ! कोल्बी तिथे उभा राहून हसेल आणि हसायला त्याला कारण असेल. बाई माणूस, त्यात नातं. पेटीला कोणाचं नातं नाही. लाकूड खोटं बोलत नाही ताई, मी तीस वर्षं त्याच्याशी बोलतोय. तिच्यावर आकडे आहेत, वेलीच्या बरोब्बर मध्ये, डावीकडे जेवढी जागा तेवढीच उजवीकडे. न्यायाधीश बोट ठेवतील, वाचतील, संपलं.

तुझ्या नवऱ्याला पेटी पाठवायची नसेल तर तसं सरळ लिही. पंच झाल्यावर माणसाला मेव्हण्याची लाज वाटत असेल तर मला समजेल. पण ओल आणि रस्ते असली कारणं मला सांगू नकोस. ओकचं लाकूड मी दोन उन्हाळे सुकवलं होतं. तुझ्या नॉरिचच्या सगळ्या पावसाने ते केसभर फुगणार नाही.

इथे अ‍ॅनिस दुकानासमोर झाडू मारताना शेजारणी विचारतात, "काय गं, टाळं कधी लागणार?" तिने परवा एकीच्या पायावर पाणी ओतलं.

गिल्बर्ट

*

नॉरिच, १३ एप्रिल १५८७

गिल,

पेटी पाठवली. हॉबने आणि वॉल्टरने मिळून गाडीत चढवली. वॉल्टर सबंध दिवस माझ्याशी बोलला नाही, तेवढाच आराम.

आता माझं एक ऐक. तू मला मोठी बहीण म्हणतोस आणि कधी ऐकत नाहीस, एकदाच ऐक. पेटी कोर्टात ठेव. कारकुनाला आकडे वाचू दे. आणि तू आपला हात मागे बांधून गप्प उभा राहा. तुला गप्प उभं राहता येत नाही हे मला माहीत आहे, लहानपणी प्रार्थनेच्या वेळीसुद्धा तू पाद्र्याच्या बाकाचा पाय हलवून बघायचास. पण त्या दिवशी राहा. तू दोन काठ्या म्हणालास ना? दोनच आहेत. वाचून झालं की पेटीवर कापड टाक आणि घरी ये.

मास्तर विचारतायत, हे एवढं का लिहायचं? मी म्हटलं, तुम्ही लिहा.

आणखी काही सांगायचं होतं ते असं लिहून घेऊन सांगता येत नाही. भेटशील तेव्हा.

टॉमसिन

*

स्टोकहॅम, २७ एप्रिल १५८७

ताई,

मी हरलो. कसा हरलो ते ओळीने लिहितो, कारण तू मला काही गोष्टींचा जबाब देणं लागतेस.

हॉबची गाडी दोन दिवस चिखलात रुतली होती. पेटी आली ती सुनावणीच्या सकाळी, आणि थेट कोर्टातच उतरवली. मी लांबूनच पाहिली. चोवीस वर्षांनी. तिचा एक सांधा उघडलेला नाही ताई. तिथल्या शिपायानेसुद्धा झाकण दोनदा उघडून बंद केलं, उगीच, आवाज ऐकायला.

तीन न्यायाधीश होते. कारकून खाली बसला, आकड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "पंधराशे बासष्ट." थोरले न्यायाधीश म्हणाले, "मग मिटलंच की. कायद्याच्या आधीचं काम आहे. कोल्बी, तुझं काही म्हणणं?"

तो क्षण होता. मी जिंकलो होतो.

कोल्बी उठला. पेटीपुढे गेला, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणणं काही नाही हुजूर, फक्त नवल वाटतं. वेल किती नीट, पानं कशी मोजून काढलेली. आणि आकडे बघा, पिऊन आल्यासारखे डावीकडे लवंडलेत. ज्याला वीतभर फळीवर साल मधोमध बसवता येईना, त्याने म्हणे चर्चचा मंच केला! तरीच आमचे पाद्रीबाबा कलून उभे राहतात."

सगळं कोर्ट हसलं. हॉबसुद्धा मागे उभा राहून हसला.

मी पुढे गेलो. खरंच, उजवीकडे जागा जास्त होती. चांगली बोटभर. ताई, मी अशी चूक विसाव्या वर्षीही केली नसती. मी अंगठा फिरवला आणि नखाला मेण लागलं. मेणाखाली लाकडाची ढलपी, तीही आडव्या रेषांची, उभ्या रेषांच्या फळीत! आंधळ्यालाही बोटाने कळली असती.

"हे माझं काम नव्हे," मी म्हटलं. "इथे तिसरी काठी होती."

"काय होती?" न्यायाधीश म्हणाले.

मी चाकू काढला आणि ढलपी उचकटली. ती उडून कोल्बीच्या बुटांपाशी पडली. "आता बघ," मी त्याला म्हटलं, "आता घे माप. दोन्हीकडे घे." त्याने खरंच खिशातली दोरी काढली आणि माप घेतलं. डावीकडे जेवढी, उजवीकडे तेवढीच. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या माणसाला त्याच्याच दोरीने मी गप्प केलं.

मग कारकुनाने पुन्हा वाचलं. "पंधराशे त्रेसष्ट."

तेव्हा मला आठवलं. पेटी हिवाळ्यात झाली, पण तुझं लग्न ठरलं होतं एप्रिलात, उपास संपल्यावर. तोवर साल बदलणार. नवी नवरी जुन्या सालाची पेटी घेऊन सासरी कशी जाईल, म्हणून मी पुढचं साल कोरलं होतं. चोवीस वर्षं मी हिवाळा लक्षात ठेवला आणि आकडा विसरलो. मी हे सगळं त्यांना सांगितलं. थोरले म्हणाले, "थर्कल, माणूस ज्या सालात बसलेला असतो ते कोरतो की येणारं?" मी म्हटलं, "विचार करणारा माणूस येणारं कोरतो." ते म्हणाले, "आणि काठी बुजवली कोणी?"

"माझ्या बहिणीच्या घरी कोणीतरी, हुजूर. विणकर लोक आहेत. लाकडातलं त्यांना काय कळतं?"

मग त्यांनी आपसात डोकी जुळवली. त्यांचं म्हणणं असं की खटल्यासाठीच हा आकडा बदलून आणला, आणि आयत्या वेळी मी घाबरलो. मी, घाबरलो! दुकान बंद करायचा हुकूम झाला.

आता सांग. ती काठी कोणी बुजवली, आणि का? आणि बुजवायचीच होती तर माझ्यासारख्याला विचारून का नाही बुजवली? उभ्या रेषांची ढलपी घातली असती तर देवालाही दिसली नसती.

गिल्बर्ट

*

नॉरिच, १९ मे १५८७

गिल,

हे पत्र सिसिली लिहितेय. मास्तर आता खाली येत नाहीत.

तुला कारण हवंय ना, घे. माझं लग्न झालं एप्रिलात आणि सिसिली झाली ऑगस्टात. मोज बोटं. इतकी मापं घेतोस, तेवढं एक कधी मोजलं नाहीस. आम्ही जूनमध्ये नॉरिचला आलो, इथे आमचं लग्न कोणी पाहिलेलं नव्हतं. बाळंतपणाला शेजारणी आल्या, सात जणी, आणि पलंगाच्या पायथ्याशी तुझी पेटी. त्यांच्यातल्या एकीला वाचता यायचं, आणि नवरीच्या पेटीवरचं साल म्हणजे लग्नाचं साल. त्या यायच्या आदल्या दिवशी वॉल्टरने ढलपी खुपसून, वर मेणबत्ती वितळवून तुझी तिसरी काठी बुजवली. विणकराच्या हातांनी, घाईत, मला कळा सुरू झालेल्या असताना. त्याला उभ्या रेषा आडव्या रेषा कळत नाहीत. तेव्हापासून मी या गल्लीत सव्वा वर्षाची जुनी नवरी झाले, आणि चोवीस वर्षं मान वर करून चालले.

हॉबने ती गोष्ट इथल्या खानावळीत सांगितली. नक्कल करून सांगितली म्हणे, ढलपी कशी उडाली ते सुद्धा. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका मला पाहून बोटं मोजत होत्या. मागच्या वर्षी टोपीवाल्याच्या मुलीला लग्नानंतर पाचव्या महिन्यात मूल झालं, तेव्हा वॉल्टरनेच तिला शिक्षा म्हणून तीन रविवार पांढरी चादर गुंडाळून चर्चमध्ये उभं केलं होतं. आता तिची आई आमच्या दाराशी येऊन म्हणाली, "टॉमसिनबाई, चादर हवी का? धुऊन ठेवलीय." वॉल्टरचं पंचपद गेलं. तो मागाजवळ बसतो आणि धोटा हातात धरून तसाच राहतो.

मी येऊन शपथेवर सांगायला तयार होते. मी खरं बोलणार होते, आणि माझी सात वेळा उलटतपासणी झाली असती तरी ते खरंच राहिलं असतं. तुला लाकूड हवं होतं. बरं, तेही पाठवलं. तुला फक्त गप्प उभं राहायला सांगितलं होतं. तू म्हणतोस त्या क्षणी तू जिंकला होतास. मग कोणाशी भांडत होतास?

पेटी परत पाठवू नकोस. ठेवायला जागा नाही असं समज.

टॉमसिन

मामा, वरचं सगळं आईने सांगितलं तसंच मी लिहिलं. मला हे तिच्या तोंडून पहिल्यांदा कळलं, ते असं, लिहिता लिहिता. माझं लग्न पुढे ढकललं आहे. किती पुढे ते मुलाकडचे सांगत नाहीत. – सिसिली

*

स्टोकहॅम, २४ जून १५८७

ताई,

तुझं पत्र महिनाभर माझ्यापाशी आहे. अ‍ॅनिस रोज विचारते, "लिहिलंत का?" मी रोज सांगतो, लिहितोय. आज ती म्हणाली, "तुमच्या हाताला एवढं एकच काम जमत नाही वाटतं."

चाकू मी काढायला नको होता. हे लिहिलं. ढलपी वाईट बसवली होती हे मात्र मी मागे घेणार नाही, कारण ती वाईटच बसवली होती. पण दाजींनी ती का बसवली हे मला माहीत असतं तर मी हात मागे बांधले असते. असं मला वाटतं. खात्रीने सांगत नाही. कोल्बी हसत होता ताई, आणि माझ्या कामाला हसत होता. माझ्या जन्माला हसला असता तर मी उभा राहिलो असतो.

सिसिलीला लिहायला माझ्याकडे काही नाही. तू तिला जे योग्य वाटेल ते सांग.

दुकानाला टाळं आहे. हत्यारं तेल लावून गुंडाळून ठेवली. मी नदीकाठी गवत कापायला जातो, माझ्या अर्ध्या वयाच्या लोकांबरोबर. ते मला "उस्ताद" म्हणतात आणि विळ्याची मूठ सैल झाली की माझ्याकडे टाकतात. अ‍ॅनिस सूत कातते. पाव महाग झालाय, वाटाण्याचं पीठ मिसळून भाजते. शेजारणी आता काही विचारत नाहीत.

परवा कोल्बी कुरणावर आला. एकटाच. बांधावर बसला आणि टोपी काढली. मी विळा थांबवला नाही.

"गिल्बर्ट," तो म्हणाला, "मी सात वर्षं मार खाऊन शिकलो, आणि तुझ्यासारखा सांधा मला अजून बसवता येत नाही. हे मी दुसऱ्या कोणापुढे बोलणार नाही."

"मग माझ्यापुढे कशाला बोलतोस?"

"माझ्याकडे ये. वर्षाच्या कराराने मजूर म्हणून ठेवतो, त्याला कायदा आड येत नाही. कोपऱ्यातली खिडकी तुझी. लाकूड तू निवडायचं. तुझ्यावर ओरडायला कोणी येणार नाही, मीही नाही. मंडळाला मी सांगेन."

"आणि कामावर ठोकायची खूण?"

"खूण दुकानाची ठोकावी लागेल. माझी." मग म्हणाला, "आणि पहिल्या वर्षी कोणी विचारलं, तर हे काम कोल्बीकडे शिकलो एवढं म्हणायचं. तेवढंच."

मी त्याला म्हटलं, टोपी घाल, ऊन लागेल. आणि नाही म्हटलं. वर्षाला चार पौंड देत होता, दोन्ही वेळचं जेवण धरून.

गिल्बर्ट